छावणीची पेठ कशी होते?



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्यांना वंदन करून विषयाला सुरुवात करतो. आजचा विषय आहे निर्वासितांच्या छावण्यांमधला व्यापार-उदीम. पिंपरीजवळच्या मोशीसारख्या ठिकाणी हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं उत्तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला आपण कुठे जातो? दिवाळीचे कपडे, पडद्यांचं कापड, नवा मोबाईल, घरातला फ्रिज घ्यायला कुठे जातो? आपल्यातले बहुतेक जण शगुन चौकात जातात, साई चौकात जातात. पिंपरी कॅम्पात जातात. त्या गर्दीत चालताना आपल्या लक्षातही येत नाही, की ही पेठ फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसांच्या वसाहतीतून उभी राहिली आहे.

जगात युद्धामुळे, छळामुळे घर सोडावं लागलेल्या माणसांची संख्या २०२४ मध्ये १२ कोटींच्या वर गेली होती. त्यांतली काही माणसं वर्षानुवर्षं छावणीत राहतात. काही छावण्यांची पुढे पेठ होते, काही छावण्या तीस वर्षांनीही छावण्याच राहतात. असं का होतं? मला आज एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. छावणीतल्या माणसाला जगवायला शिधा लागतो. त्याला उभं राहायचं असेल, तर आणखी तीन गोष्टी लागतात : फाटकाबाहेर जायची मोकळीक, विश्वासावर उधार देणारा कुणीतरी, आणि हातात पक्का कागद. या तिन्ही गोष्टी आपण क्रमाने पाहू.

त्याआधी एक मूळ मुद्दा. छावणीत बाजार भरतोच. कुणी भरवावा लागत नाही.

आर. ए. रॅडफर्ड नावाचा एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडला आणि इटली व जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या तळांवर राहिला. सुटून आल्यावर, १९४५ मध्ये, त्याने त्या तळांच्या अर्थव्यवहारावर एक लेख लिहिला. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो आजही वाचतात. तिथे उत्पादन जवळजवळ नव्हतंच. रेडक्रॉसचं पार्सल प्रत्येकाला साधारण सारखंच मिळायचं. तरी बाजार उभा राहिला. सिगारेट हे चलन झालं, जिनसांचे भाव ठरले, ते चढू-उतरू लागले. का? वाटप सारखं असलं तरी माणसांची गरज सारखी नसते. एकाला सिगारेट नको, चॉकलेट हवं. दुसऱ्याला धर्मामुळे मांस चालत नाही, त्याला लोणी आणि जॅम हवा. रॅडफर्ड एका माणसाबद्दल लिहितो, त्याला उर्दू येत होतं. तेवढ्या जोरावर तो शीख सैनिकांकडून मांस घ्यायचा, त्यांना लोणी-जॅम द्यायचा आणि मधला नफा कमवायचा. दुसऱ्याची भाषा येणं हेच त्याचं भांडवल होतं.

आता हेच निर्वासितांच्या छावणीत पाहा. पाच माणसांच्या कुटुंबाला पीठ, डाळ, तेल मिळतं. पण मीठ? सरपण? तान्ह्याचं औषध? शाळेची वही? म्हणून बाई शिध्यातलं थोडं पीठ विकते आणि भाजी आणते. जगभरच्या छावण्यांतून हे चालतं, आणि जगभरचे अधिकारी यालाच गैरव्यवहार म्हणत आले आहेत. शिधा विकणारी ती बाई लबाड आहे का? मुळीच नाही. आपल्या घराला काय हवं हे वाटप करणाऱ्या कार्यालयापेक्षा तिला जास्त कळतं, एवढाच त्याचा अर्थ. छावणीच्या बाजाराची सुरुवात तिच्यापासून होते.

आता आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण. याला तोड नाही, कारण इथे जागा एकच आहे आणि छावण्या दोन. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या खोऱ्यात, रेल्वेमार्गालगत वळीवडे गाव आहे. १९४३ मध्ये तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली ही माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. लांबच लांब बराकी, कुटुंबागणिक खोल्या, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकासाठी रंगमंच. लंडनमधल्या पोलिश सरकारच्या पैशातून त्यांना भत्ता मिळायचा. तो भत्ता आसपासच्या गावांतल्या भाजीवाल्यांकडे, दूधवाल्यांकडे, कापडवाल्यांकडे यायचा. म्हणजे पोलिश माणसं गिऱ्हाईक होती आणि कोल्हापूरकर विक्रेते होते. बाहेरून येणाऱ्या पैशावर चाललेली ती अर्थव्यवस्था होती. पैसा थांबला की ती थांबणारच. युद्ध संपलं, ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, आणि १९४८ पर्यंत ही माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांकडे पांगली. वळीवड्याच्या माणसांनी त्यांना जीव लावला, त्यांनीही वळीवड्याला जीव लावला. त्यांची मुलं-नातवंडं आजही तिथे येतात. पण मागे पेठ राहिली नाही.

त्याच बराकींमध्ये मग सिंधमधून आलेले निर्वासित उतरले. त्यांना बाहेरून भत्ता पाठवणारं कुणी नव्हतं. त्यांना गिऱ्हाईक होऊन जगणं परवडणारं नव्हतं, विक्रेता होणं भागच होतं. त्या छावणीचं आज नाव आहे गांधीनगर. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागातले कापड दुकानदार घाऊक खरेदीसाठी जिथे येतात, ती ही पेठ. जागा तीच, भिंती त्याच. मग फरक कशाने पडला?

लगेच उत्तर येतं, ‘सिंधी ना! धंदा त्यांच्या रक्तातच.’ कौतुकाने म्हटलं जातं, पण हे उत्तर मला पटत नाही. सिंधमधून आलेले सगळेच व्यापारी नव्हते. त्यांत आमिल होते, म्हणजे पिढ्यानुपिढ्या सरकारी नोकरी, वकिली, शिक्षकी करणारे. जमीनदार होते, कारकून होते, डॉक्टर होते. यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातली पहिली विक्री छावणीत आल्यावर केली. कालपर्यंत मुलांना गणित शिकवणारा माणूस हातगाडीवर कंगवे घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल? ते सगळं ‘रक्तात आहे’ या दोन शब्दांत गुंडाळलं, तर आपण त्याचे कष्टही पुसतो आणि त्याला काय काय मिळालं हेही विसरतो.

म्हणून नीट पाहू. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, सिंध अखंडच पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूला भारतात स्वतःचं असं राज्य उरलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटी भरभरून माणसं मुंबईला येऊ लागली. कल्याणजवळ महायुद्धातले लष्करी तळ रिकामे होते. तिथे एक ते पाच क्रमांकाच्या छावण्या वसल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. इकडे पुण्याच्या बाजूला पिंपरीला वसाहत झाली.

त्या बराकीत क्षणभर जाऊन पाहा. सैनिकांसाठी बांधलेली लांबलचक खोली. मध्ये गोणपाटाचे पडदे टांगून तिचे भाग पाडलेले. पडद्याच्या या बाजूला एक कुटुंब, त्या बाजूला दुसरं. एकाचं रडणं, खोकणं, भांडण दुसऱ्याला ऐकू जाणार. रात्री जी खाट झोपायला, तीच सकाळी दारात ओढली की दुकान. तिच्यावर चार साबण, काड्यापेट्या, दोऱ्याची रिळं. अंगणात बायका पापड लाटतायत, वाळवतायत, लोणची घालतायत, शिवणयंत्रावर बसल्या आहेत. मुलं गोळ्या-बिस्किटं, पेनं, कंगवे घेऊन लोकलच्या डब्यातून फिरतायत. या पेठेचा पाया कुणी घातला असं विचाराल, तर त्या बायकांची आणि पोरांची नावं आधी घ्यावी लागतील. फर्मच्या पाटीवर ती कधी आली नाहीत.

आता त्यांच्या धंद्याचं गणित. जुना दुकानदार १०० रुपयांचा माल भरायचा, रुपयामागे दोन आणे चढवायचा आणि तो माल महिनाभरात खपवायचा. नफा साडेबारा रुपये. निर्वासिताने तोच माल रुपयामागे अर्धा आणा चढवून विकला. एका फेरीला नफा तीन रुपये दोन आणे. पण त्याने आठवड्यात दोन फेऱ्या केल्या. महिन्याला आठ फेऱ्या, नफा २५ रुपये. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, रीत मात्र हीच होती : नफा कमी, फेरा जलद. आलेल्या भावातच माल विकून रिकामं खोकं आणि गोणी विकली, तोच नफा मानला, अशा गोष्टी त्या पिढीबद्दल अजून सांगितल्या जातात. यात जादू कसली? ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, त्याला महिनाभर थांबणं परवडत नाही. त्याच्या अडचणीनेच त्याला ही रीत शिकवली. जुन्या दुकानदारांना ती खुपली, कुरबुरी झाल्या. गिऱ्हाईकाला ती आवडली.

पण फेरा जलद करायचा तर फाटक उघडं हवं, गाडी हवी, गिऱ्हाईक हवं. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांच्या नोंदणीचा आणि त्यांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. मुंबई शहरावरचा ताण वाढू नये, हा हेतू. तरीही कल्याणहून रोज सकाळी लोकल निघत होती आणि तिच्यात चढायला मनाई नव्हती. कल्याण, पिंपरी, वळीवडे. तिन्ही ठिकाणं रेल्वेला लागून आहेत, हे विसरू नका. तिन्ही ठिकाणच्या माणसाला सकाळी बाहेर जाऊन माल आणता येत होता आणि संध्याकाळी मोड घेऊन परतता येत होतं.

हा झाला पहिला धडा, मोकळीक. जगात इतरत्र काय दिसतं? केनियातली काकुमा छावणी १९९२ पासून आहे. जागतिक बँक समूहाच्या एका संस्थेने २०१८ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तिथे दोन हजारांवर धंदे आणि वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलरची बाजारपेठ दिसली. जॉर्डनमधली झातारी २०१२ ला उघडली. पाहता पाहता तिच्या मुख्य रस्त्यावर सीरियन माणसांनी दुकानांच्या रांगा लावल्या. लग्नाचे पोशाखही तिथे भाड्याने मिळू लागले. कर्तबगारी सगळीकडे आहे. पण काकुमातल्या माणसाला बाहेर जायला परवाना लागत आला, म्हणून त्याचा धंदा छावणीपुरता राहिला. आणि आपल्या शेजारी, बांगलादेशात कॉक्स बाजारला? २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या तिथे आले. त्यांना रीतसर काम करायची मुभा नाही. त्यांनी बांबू-ताडपत्रीची दुकानं थाटली, आणि प्रशासनाने हजारो दुकानं पाडून टाकली. ती माणसं काय कमी मेहनती होती? फाटक बंद होतं, एवढाच फरक. याउलट युगांडात निर्वासिताला जमिनीचा तुकडा मिळतो, काम करता येतं, देशात फिरता येतं. तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाही, हेही ध्यानात घ्या.

दुसरा धडा पतीचा. बाजारात जिला पत म्हणतात, तिचा. घर नाही, जमीन नाही, तारण ठेवायला काही नाही, अशा माणसाला घाऊक व्यापारी माल उधार का देईल? शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी मध्य आशियापर्यंत वटत होत्या. सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत होत्या. या जाळ्यात ‘हा कुणाचा मुलगा’ एवढं कळलं की उधारी मिळायची. ज्यांचं असं कुणी नव्हतं, त्यांनी भिशी लावली. दहा जणांनी महिन्याला थोडे थोडे काढायचे आणि एकाला एकरकमी द्यायचे. ज्याची पाळी, त्याचं दुकान.

हिवाळ्यात पुण्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांची एक वसाहत आपल्याच राज्यात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे, नॉर्ग्येलिंग तिचं नाव. देशभरचे हे तिबेटी विक्रेते लुधियान्याहून माल उचलतात, पुष्कळदा उधारीवर, आणि हंगाम संपला की हिशेब चुकता करतात. लुधियान्याचा कारखानदार त्यांना का देतो? आधीच्या हंगामात त्यांनी फेडलंय म्हणून. पतीला काळ लागतो. आज आहे, उद्या हाकलतील, अशी टांगती तलवार असलेल्या माणसाला कुणी उधार देत नाही. म्हणजे मोकळीक आणि पत हातात हात घालून चालतात.

तिसरा धडा कागदाचा. सिंधी निर्वासित इथे आला तो परका म्हणून आला नाही. तो नागरिक झाला, मतदार झाला. धंद्याच्या कर्जासाठी १९४८ मध्येच केंद्राने पुनर्वसन वित्त प्रशासन उभं केलं. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ चा कायदा झाला. भरपाई अपुरी होती, उशिरा होती, ज्याच्याकडे दस्त नव्हता त्याची परवड झाली. पण दाद मागायला दार होतं. ‘त्यांनी कुणापुढे हात पसरले नाहीत, सगळं स्वबळावर केलं’ असं म्हणताना हा भाग आपण गाळतो. तो गाळू नये. त्यांनी कष्ट केले आणि राज्यसंस्थेने त्यांना आपलं मानलं. दोन्ही खरं आहे.

आणि जिथे कागद अपुरा राहिला, तिथे आजही दुखतं. उल्हासनगरात जमिनीच्या सनदा आणि बांधकामांच्या अधिकृततेचा प्रश्न पिढ्यानुपिढ्या लोंबकळत राहिला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना चंद्रपूर-गडचिरोली भागात शेती देऊन वसवलं गेलं. त्यांनी भात पिकवला, तळ्यांत मासळी वाढवली, बाजार बदलून टाकले. पण त्यांच्यातल्या नमोशूद्रांचा जातीच्या दाखल्याचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत येऊन पोचला, कारण एका राज्याची अनुसूचित जातींची यादी दुसऱ्या राज्यात चालत नाही. कागदाचं मोल मोशीकरांना मी काय सांगावं? नवनगर वसवायला प्राधिकरणाने जमिनी घेतल्या आणि त्यांतल्या साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी किती वर्षं खेटे घातले, हे या सभागृहातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. घर न सोडताही माणूस विस्थापित होतो. त्याचीही लढाई शेवटी कागदाचीच असते.

या पेठांनी किंमतही मोजली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. लोकलमध्ये गोळ्या विकणाऱ्या पोराची शाळा बुडाली. घरात लाटलेल्या पापडाची मजुरी बाईच्या हातात पडली असं नाही. उल्हासनगरच्या कारखानदारीचं सांडपाणी वालधुनी नदीने सोसलं. पोट भरण्याच्या घाईत हे झालं. घाई समजू शकते. पण नंतर, हातात पैसा आल्यावरही, ते सावरायला आपण उशीर केला.

आता पुन्हा पिंपरीकडे येऊ. निर्वासित पिंपरीला आले तेव्हा इथली उद्योगनगरी नव्हती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आलं. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मधलं. टेल्को, बजाज ही साठच्या दशकातली गोष्ट. म्हणजे कारखाने येण्याआधी पेठ मांडून बसली होती. गावोगावहून आलेल्या कामगाराच्या हातात पहिला पगार पडला, तेव्हा त्याला भांडी, चादर, पोरांचे कपडे देणारं, हप्त्याने देणारं, ओळखीवर देणारं दुकान पिंपरीत तयार होतं. त्या दुकानदाराला घर सोडून येणं म्हणजे काय हे माहीत होतं. उद्योगनगरीचा संसार मांडायला या निर्वासितांनी हातभार लावला, ही गोष्ट आपल्या शहराच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवी.

थोडक्यात सांगतो. बाजार आपोआप उगवतो, कारण गरजा सारख्या नसतात. तो वाढतो मोकळिकीने. तो टिकतो पतीने. आणि त्याचं गाव होतं कागदाने.

आता शेवटचा प्रश्न. या सगळ्याचं आपण काय करायचं?

मोशी, चिखली, भोसरी, तिकडे चाकण, म्हाळुंगे. या पट्ट्यात आज मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडमधून माणसं येतायत. कायद्याच्या भाषेत ती निर्वासित नाहीत. देश त्यांचाच आहे, आणि तुलना ताणू नये हे मला कळतं. पण दुष्काळाने, कर्जाने, बेकारीने घर सुटलेल्या माणसाच्या वाट्याला तेच तीन प्रश्न येतात. त्याला मोकळेपणी हिंडता-विकता येतं का? त्याला कुणी उधार देतं का? त्याच्या हातात कागद आहे का?

याची उत्तरं आपल्या हातात आहेत. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या चाळी आहेत, खोल्या आहेत. भाडं आपण वेळेवर घेतो. मग भाडेकरार लिहून द्यायला का कचरतो? त्या एका कागदावाचून त्याच्या नावाचा पत्ता होत नाही. पत्त्यावाचून बँकेतलं खातं, गॅसची जोडणी, मुलाचा शाळेतला प्रवेश, सगळं अडतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात त्यांची पाहणी करून विक्रीचं प्रमाणपत्र द्यायची तरतूद आहे. २०२० मध्ये १० हजारांच्या कर्जापासून सुरू झालेली योजनाही त्यांच्यासाठी आहे. पण महापालिकेच्या यादीत नाव किंवा हातात शिफारसपत्र नसेल, तर ते कर्जही दूरच. कंपनीच्या गेटसमोर पहाटे पोहे-चहा विकणाऱ्या बाईची गाडी उचलून नेणं सोपं आहे. तिला जागा नेमून देणं, तिचं नाव यादीत घालणं, हे आपल्या नगरसेवकाकडून करून घ्यायचं काम आहे. आणि इथल्या पतसंस्थांच्या संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. तारण मागण्याआधी तिची रोजची विक्री पाहा, मागची फेड पाहा. पिंपरीत आणि गांधीनगरात कुणीतरी असाच विश्वास टाकला, म्हणून आज तिथे पेढ्या आहेत.

हे उपकार म्हणून करा असं मी म्हणत नाही. ज्या गावाने येणाऱ्याला दार, पत आणि कागद दिला, त्या गावाची भरभराट झाली, हा आपल्याच तालुक्यातला ७५ वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा या महिन्यात प्रत्येकाने एक काम करावं. आपल्या खोलीतल्या भाडेकरूला करार करून द्यावा, किंवा ओळखीच्या एका फेरीवाल्याचं नाव यादीत जाईपर्यंत त्याच्यासोबत महापालिकेच्या कार्यालयात जावं. ज्यांच्या नावाने आपण इथे जमतो, त्यांचं स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल असं मला वाटत नाही.